दशांशचिन्हाच्या पुढचा एक

माझी नोकरी नेमकी कसली, हे आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता आलेले नाही. "रोगांना आकडे घालते," एवढे आमच्या सासूबाई शेजारणींना सांगतात, आणि त्यात फारसे चूक नाही. अमेरिकेतल्या इस्पितळांचे कागद पुण्यात आमच्यापुढे येतात. डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगाला ठरलेला आकडा द्यायचा, मग तिकडे विम्याचे बिल पुढे सरकते. नेहमीच्या मधुमेहाला 'ई ११', हॉजकिन लिम्फोमाला 'सी ८१'. हा आकडा मी किती वेळा टाइप केला असेल, देव जाणे. चहा पिता पिता केला आहे.

मार्च २०२४ मध्ये माझ्या भाच्याच्या मानेत गाठ आली. मुलगा एकोणीस वर्षांचा. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने विम्याचा फॉर्म घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या. रडून डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर थोडी उभारी.

"वन्सं, हे बघा. सी ८१ पॉइंट एक. म्हणजे पहिलीच स्टेज ना?"

मी "बघते" म्हणाले आणि चहा टाकायला उठले. भित्रेपणाच तो.

कारण तो एक स्टेजचा नव्हताच. हा आकडा स्टेज सांगतच नाही; तो सांगतो जात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातल्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथींच्या या दुखण्याचे वर्णन केले. १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्याला त्यांचे नाव दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पोटप्रकार पडले, आणि दशांशचिन्हापुढचा अंक त्या पोटप्रकाराचा. शून्याचा प्रकार तर इतका निराळा, की त्याचे उपचारही पुष्कळदा वेगळे. एक म्हणजे नोड्युलर स्क्लेरोसिस: गाठीत तंतूंचे जाड पट्टे पडतात आणि तिचे कप्पे कप्पे होतात. तरुण मुलामुलींत हाच प्रकार अधिक दिसतो. डॉक्टरांनी प्रकार लिहिलाच नसेल तर नऊ घालायचा, नाहीतर त्यांना विचारायचे. मनाने ठरवायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

स्टेज ठरते ती रोग कुठवर पसरला यावरून. एकाच भागातल्या ग्रंथी असतील तर पहिली. दोन किंवा अधिक भागांतल्या, पण छाती-पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूच्या, तर दुसरी. भाच्याच्या स्कॅनमध्ये मानेत होते आणि छातीतही.

रात्रभर मला झोप नाही. बिचाऱ्या वहिनींच्या हातात तेवढा एक 'एक' होता, तोही काढून घ्यायचा? पण पुढच्या भेटीत डॉक्टर "दुसरी स्टेज" म्हणाले असते, तर त्यांना वाटले असते, आठ दिवसांत रोग एक पायरी चढला. सकाळी जाऊन सांगून टाकले. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काल का नाही बोललात?"

यावर मला उत्तर नव्हते. दुसऱ्या स्टेजचेही बहुतेक रुग्ण बरे होतात, हे सांगितले. तेही खरेच होते, पण त्यांनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तेव्हाच मानले.

सहा महिने दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषधे. त्यातल्या लाल औषधाला भाचा 'कोकम सरबत' म्हणायचा. केस गेले, वजन उतरले, कॉलेजचे वर्ष बुडाले. ऑक्टोबरात स्कॅन स्वच्छ आला.

त्या दिवाळीत वहिनींकडे चकल्या पाडत होते. म्हटले, "अमेरिकेत १ ऑक्टोबरपासून या आकड्यापुढे 'ए' लावायची सोय झाली आहे. रोगाला उतार पडला, असा अर्थ. आपल्या कागदावर तो येणार नाही, पण आपल्या मुलाला तो लागला असता."

वहिनींचा झारा थांबला. "ए म्हणजे पहिला वर्ग का हो?"

या खेपेला मी चहा टाकायला उठले नाही. उतार म्हणजे आज रोग कुठे दिसत नाही. तपासण्या मात्र काही वर्षे चालू ठेवायच्या, असे तिथेच सांगितले.

"म्हणजे बघत राहायचं," त्या म्हणाल्या, आणि घाणा उलटला.