विजेच्या गाडीचे बारसे

लग्नात नवरीचे नवे नाव हौसेने तांदळात लिहितात. पण ओळखीची माणसे हाक मारतात जुन्याच नावाने. मोटारीचेही तसेच! जर्मनीच्या मर्सिडीजची दणकट ‘जी’ गाडी १९७९ पासूनची. २०२१ साली म्युनिकच्या प्रदर्शनात तिचा विजेवरचा नमुना मांडला, तो ‘ईक्यूजी’ या नावाने. २०२४ साली खरी गाडी आली, तेव्हा नाव ‘जी ५८०’. ‘ईक्यू’ बिचारे शेपटाला! पोर्शेची तऱ्हा आणखी न्यारी. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. २०१९ च्या विजेवरील ‘टायकान टर्बो’त तो आहे फक्त नावालाच! कारण उघड आहे. यंत्र बदलता येते. नावाची पत जमायला पिढ्या लागतात. म्हणून शहाणा व्यापारी दुकान नवे बांधतो, पाटी मात्र आजोबांचीच ठेवतो.