एक घर, पाच नोंदी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. तरीही ती चढावी लागतेच, आणि चढलेल्यांची मोजदाद आता रोज होते. २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणे चार कोटींहून अधिक दिसतात. त्यांत तीन कोटींहून अधिक फौजदारी, एक कोटीहून अधिक दिवाणी. आकडा भयंकर आहे. पण तो नेमके काय मोजतो?

एखादे घर मोडते तेव्हा काय घडते ते पाहावे. घटस्फोटाचा अर्ज कुटुंब न्यायालयात, तो दिवाणी. पोटगीचा अर्जही तेथेच. पण तो येतो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४), म्हणून तो फौजदारी प्रक्रियेचा. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार २००५ च्या कायद्यान्वये दंडाधिकाऱ्यांपुढे. छळाचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचे ४९८-अ, पुन्हा फौजदारी. मुलाचा ताबा मागावा तर १८९० चा पालक व पाल्य कायदा. भांडण एक, नोंदी पाच! समेट झाला तरी छळाचा गुन्हा सर्वसाधारणपणे आपसांत मिटवता येत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते. ती सहावी नोंद.

अशा आकड्यांवरून कुणी कुटुंबव्यवस्था कोसळल्याचा टाहो फोडतो, तर कुणी कायद्याच्या गैरवापराचा. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ मधील दोषसिद्धी जेमतेम १५ टक्के असल्याकडे लक्ष वेधले आणि सरसकट अटकेला लगाम घातला. ते योग्यच झाले. पण उरलेल्या सर्व तक्रारी खोट्या, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून तडजोड करतात, साक्षीदार फिरतात, आरोपी सुटतो. सुनेचे सोसणे खरे असले तरी तक्त्यात ती केवळ एक निर्दोष मुक्तता. दुसरीकडे, म्हाताऱ्या सासूचे नाव उगाच गोवले गेले असेल, तर तिची वर्षेही कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

मुदती तर कायद्यातच आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २१-ब नुसार नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत, हिंसाचाराच्या अर्जावर पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा. त्या पाळायच्या कुणी? दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यासाठी पाच वर्षांची मुदतही घातली. सरकारी हिशेबात हे प्रमाण अद्याप एकवीसच्या आसपास रेंगाळते, आणि तेही मंजूर पदे व २०११ ची जनगणना धरून. रिकाम्या खुर्च्याही त्या हिशेबात न्यायदान करीत असतात!

नवी पदे भरण्यास पैसा आणि काळ लागेल. पण एक काम आजही होण्याजोगे आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. एकाच दांपत्याचे सर्व क्रमांक एकमेकांना जोडावेत, शक्य तेथे त्यांच्या तारखा एकाच दिवशी लावाव्यात, आणि वार्षिक आकडेवारीत प्रकरणांच्या शेजारी कुटुंबांचाही रकाना असावा. नोकरीतून रजा काढून, कडेवर मूल घेऊन तीन न्यायालयांच्या चार तारखा सांभाळणाऱ्या बाईला निदान एका खेपेत मोकळे होता येईल.