मुली हॉलमध्ये, मुलं ग्राउंडवर

गेल्या रविवारी मुलुंडला ताईकडे गेलो होतो. भाचा सहावीत आहे. जेवणं झाल्यावर गॅलरीत येऊन हळूच विचारतो, "मामा, परवा शाळेत सगळ्या मुलींना हॉलमध्ये नेलं आणि आम्हाला पीटीला सोडलं. आल्यावर एकीनेही काही सांगितलं नाही. तिकडे काय सांगतात रे?"

मी गार! 2007 मध्ये बोरीवलीत आमच्या सातवीच्या वर्गात हुबेहूब हेच झालं होतं. मुलींना निदान अर्धा तास आणि एक सॅनिटरी पॅड मिळालं. आम्हाला कबड्डी.

ताईला म्हटलं, मी सांगतो त्याला नीट. तर म्हणे, "तू काही सांगत बसू नकोस हं. वेळ आली की कळतं सगळं." या वाक्याचा मला भयंकर राग आहे. कळतं, पण कुणाकडून? मला कळलं ते लोकलच्या डब्यातल्या स्टिकरवरून.

आठवीत मी बोरीवलीहून अंधेरीला क्लासला जायचो. गुप्तरोग, धातू, स्वप्नदोष, कमजोरी आणि खाली फोन नंबर... तेव्हा लोकलने जाणाऱ्या पब्लिकला हे तोंडपाठ असायचं. त्याच सुमारास एका सकाळी चादर ओली. वय वर्षं 13. स्टिकरवरच्या रोगांच्या यादीत नाव होतं, म्हणजे आपल्याला रोग झालाय. तीन दिवस धीर गोळा करून स्टेशनबाहेरच्या पीसीओवरून फोन लावला. पलीकडचा माणूस फार प्रेमाने बोलला. (या विषयावर माझ्याशी बोललेला तो पहिला मोठा माणूस!) लग्नानंतर पस्तावशील म्हणाला. 900 रुपयांचा कोर्स. माझ्याकडे 140 होते म्हणून वाचलो. पण भीती राहिलीच. क्रिकेट सोडलं, रोज दोन ग्लास दूध प्यायचो, आणि आपण आतून संपत चाललोय असं समजून झोपायचो. खरं काय ते इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी, एमबीबीएस करणाऱ्या मित्राने दोन मिनिटांत सांगितलं. दोन मिनिटांच्या माहितीसाठी सहा वर्षं!

आणि हे माझं एकट्याचं वेड नव्हे. वीर्य गेलं की ताकद गेली, या भीतीने आजारी पडणारे इतके की डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. झोपेत वीर्य बाहेर पडणं हे वयात येणाऱ्या मुलांमध्ये नॉर्मल आहे. आपण त्याला म्हणतो स्वप्न'दोष'. मुलीला पाळी आली की तिला 'अडचण', नाहीतर 'प्रॉब्लेम'. आजीच्या पिढीत 'कावळा शिवायचा'. म्हणजे शरीर व्यवस्थित चाललंय हे सांगायला आपल्याकडे एकही धड शब्द नाही, सगळे बिघाडाचे.

आता 2007 चीच गोष्ट. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि नॅकोने 2005 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. 2007 मध्ये विधानसभेत त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि विलासराव देशमुखांच्या सरकारने तो महाराष्ट्रात बंद केला. मध्य प्रदेश, कर्नाटक यांनीही तेच केलं. कारण? आपली संस्कृती. ठीक आहे, चित्रं खटकली असतील. मग चित्रं बदला ना! बग सापडला तर फिक्स करतात, अख्खं प्रॉडक्ट डिलीट करत नाहीत. बरं, त्याच वेळी लोकलमधल्या स्टिकरमुळे कुणाची संस्कृती बुडत नव्हती.

संस्कृतीचंच म्हणाल तर रघुनाथ धोंडो कर्वे इथलेच, मुंबईतलेच. विल्सन कॉलेजातली गणिताची प्रोफेसरकी गमावून हा माणूस 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत राहिला. 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून! वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्याने ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. दंड 200 रुपये.

कुणी म्हणेल, दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे की. आहे, मासिक पाळीचं चक्रही आहे. पण मुलींमध्ये बदल सुरू होतात साधारण 8 ते 13 या वयात, मुलांमध्ये 9 ते 14. दहावीतलं पोर 15 वर्षांचं. म्हणजे सिस्टिम लाइव्ह जाऊन दोन-चार वर्षं झाल्यावर युजर मॅन्युअल. त्यात बाई म्हणणार, "हा भाग घरी वाचा." (आमच्या वर्गात तरी हेच झालं.) 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार करा असं केंद्राला सुचवलं. आमचा हॉल आणि ग्राउंड मात्र जागच्या जागी.

मला विचाराल तर पाचवी-सहावीत, मुलं-मुली एकाच वर्गात. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांना माहीत असेल तर मुलीच्या युनिफॉर्मवरचा डाग बघून ते फिदीफिदी हसणार नाहीत. आवाज का फुटतो, काही मुलग्यांच्या छातीला तात्पुरती सूज का येते, हे त्यांना आधीच ठाऊक असेल तर कुणी स्विमिंगला टी-शर्ट न काढता कोपऱ्यात उभा राहणार नाही. शाळा कधी जागी होईल ती होवो. पण तुम्हीआम्ही आता मामा, काका, मावशी, आत्या झालोय. आता स्टिकर शोधायचीही गरज नाही, भाच्याच्या हातात फोन आहे आणि त्यात काय काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

असो. ताईशी फोनवर तासभर भांडलो. शेवटी म्हणाली, "बरं बाबा, सांग. पण आई घरात असताना नको." तेव्हा येत्या शनिवारी, आईचं भजनी मंडळ असतं त्या वेळेला. भाच्याने विचारलंय, दोन मित्रांना आणलं तर चालेल का.