प्रशिक्षणाहून परतलेले मुख्याध्यापक



या सदरात आपण बियाणे, खत आणि कीड यांविषयी नेहमी बोलतो. आज गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांविषयी बोलू. आपल्या गोरेगावच्या शिवारात हळद काढणीला आली की मजूर मिळत नाही, आणि मग पाचवी-सहावीतले पोर शेतात दिसू लागते. हजेरीपटावर त्याची गैरहजेरी कोणीही मांडील. पण त्याच्या घरी कोणी जायचे, बुडालेले गणित कोणत्या गुरुजींनी केव्हा भरून काढायचे, हे ठरवणे मुख्याध्यापकांचे काम आहे. गंमत अशी की, हे काम त्यांना पूर्वी कोणी शिकवतच नसे. शिकवण्यात वर्षे गेली, ज्येष्ठता आली, की खुर्ची मिळे. उत्तम औत हाकणारा गडी साऱ्या शेताचा कारभार पाहीलच असे थोडेच आहे!

२०१२ साली दिल्लीला राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. 'नेतृत्व' या शब्दाने बिचकू नका, त्याचा निवडणुकीशी काही संबंध नाही. वर्गातले शिकवणे सुधारणे, सहकारी शिक्षकांना बरोबर घेणे, नवे करून पाहणे, गावाला शाळेशी जोडणे, असे त्यातले विषय. २०१९ साली सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणात शिक्षकांबरोबर शाळाप्रमुखही होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तासांची अपेक्षा धरली आहे.

तास पुरे झाले म्हणजे काम झाले काय? आमच्या कृषी खात्यात पूर्वी 'प्रशिक्षण व भेट' योजना होती. गावपातळीवरच्या विस्तार कार्यकर्त्याने पंधरवड्याला प्रशिक्षण घ्यायचे आणि ठरल्या वारी ठरल्या शेतकऱ्यांच्या बांधावर जायचे. तिच्यात दोषही होते. हलक्या रानाला आणि भारी रानाला वरून एकच सल्ला यायचा. पण बांधावरची भेट ही तिची खरी ताकद होती. प्रशिक्षणाहून आलेल्या मुख्याध्यापकांनाही अशीच भेट हवी. केंद्रप्रमुखांनी महिन्याभराने येऊन विचारावे, "शिकून आलात, त्यातले काय सुरू केलेत? कुठे अडले?" एवढे न झाले तर प्रशिक्षणाची पिशवी कपाटात जाते.

अडचण दुसरीही आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० हून अधिक मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. लहान शाळेत गुरुजींनीच वर्ग सांभाळायचा, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, वर मागितलेली माहितीही भरायची. दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर अर्धा तास बसून मुले कुठे अडतात ते पाहावे, असे प्रशिक्षणात शिकवले, तरी तो अर्धा तास आणायचा कोठून? माझ्या मते आधी हा अर्धा तास मोकळा करून द्यावा, मग ५० तासांचा हिशेब मागावा.

इथे तुमचा संबंध येतो. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी सही करून चहा घेतला की सभा संपते. पुढच्या सभेला मात्र विचारा, "गुरुजी, प्रशिक्षणाला गेला होता, काय आणलेत?" विचारताना सूर चौकशीचा नको, बी-बियाण्याच्या दुकानातून आलेल्या शेजाऱ्याला विचारतो तसा हवा. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली, समजा दर शनिवारी दुसरी-तिसरीच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, तर गावातली दोन शिकलेली पोरे किंवा सुना त्या वेळी मदतीला द्या. गुरुजींचा अर्धा तास असा सुटतो.

आणि सभेची वेळ तेवढी सांभाळा. हळद शिजवण्याच्या दिवसांत दुपारी कढईजवळून कोणी हलणार नाही, बायका तर नाहीच नाही. रात्री जेवणानंतर ठेवा.