लहान घराचा नकाशा

घर बांधावयाचें ठरलें कीं आपल्याकडील गृहस्थ प्रथम दिवाणखान्याची लांबीरुंदी ठरवितो, मग निजण्याच्या खोल्या मांडतो आणि जो कोपरा उरेल तो स्वयंपाकघरास देऊन मोकळा होतो. चौसोपी वाड्यांत ही चाल निभावून गेली. कारण उजेड व वारा यांची सोय चौकानें केलेली असे. चारशें चौरस फुटांच्या घरांत चौक नाहीं, चाल मात्र तीच राहिली आहे. आणि तिचा दंड दिवसाचा मोठा भाग ओट्यापुढें उभें राहून काढणाऱ्या गृहिणीस भरावा लागतो. महिन्यांतून दोनदां येणाऱ्या पाहुण्याकरितां रस्त्याकडची खिडकी, आणि जिनें रोज वाफेंत उभें राहावयाचें तिच्यापुढें शेजाऱ्याची भिंत, हा न्याय आम्हांस तरी समजत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, लहान घराचा नकाशा स्वयंपाकघरापासूनच आंखावयास घ्यावा. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनें जेवणाची जागा निराळी असल्यास स्वयंपाकघरास निदान ५ चौरस मीटर, आणि जेवणेंही तेथेंच होत असल्यास ७.५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. बहुतेक मराठी घरीं ताटें ओट्यालगतच मांडलीं जातात. तेव्हां आपण दुसरा आंकडा, म्हणजे सुमारें ९ फूट लांब व ९ फूट रुंद खोली, धरून चाललें पाहिजे. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींकरितां मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं अवघें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर योजिलें. बाईस किती पावलें टाकावीं लागतात याचा हिशेब त्यांनीं आधीं केला व मांडणी मागाहून केली. सासू, सून आणि शाळेंतून आलेलें पोर एकदमच शिरतील अशी ती खोली नव्हे, म्हणून तें माप आपण उचलूं नये. पद्धत अवश्य उचलावी.

दुसरी गोष्ट बोळांची. १८ फूट रुंद व २४ फूट लांब घरांत ३ फूट रुंदीचा १२ फुटी बोळ काढला कीं ३६ चौरस फूट, म्हणजे घराचा बारावा हिस्सा, नुसता चालण्यांत जातो. तयार सदनिका घेणाऱ्या व्यापारी बंधूंनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटई क्षेत्रांतून बाहेरच्या भिंती व सज्जा वगळले आहेत, परंतु आंतील आडभिंती त्यांतच धरल्या आहेत. नको असलेल्या आडभिंतीचेही दाम आपणच मोजतों!

न्हाणीघर स्वयंपाकघराच्या पाठीशीं घेतलें म्हणजे नळ एकाच भिंतींत बसतात. जिना व कपाटें पश्चिमेस ठेवावीं. दुपारचें ऊन त्यांवर अडतें. दिशांच्या शास्त्रावर ज्याची श्रद्धा असेल त्यानें ती खुशाल बाळगावी. पण आग्नेय कोपरा साधण्याच्या हट्टापायीं चूल बिनखिडकीच्या खोलींत कोंडूं नये.

नकाशावर सही करण्यापूर्वीं तो मोकळ्या जागेंत चुन्यानें खऱ्या मापानें आंखावा, आणि घरांतील बायकांना हातांत कळशी घेऊन त्यावरून चालण्यास सांगावें. त्या जेथें अडतील तेथली भिंत त्याच दिवशीं हलवून घ्यावी.