डोळा लाल, पण डोळे आलेले नाहीत

आमच्या बेलापुरात कुणाचा डोळा लाल दिसला, की निदान ठरलेलं, 'डोळे आले!' मग मेडिकलमधून ड्रॉप आणायचा, नाहीतर शेजारणीनं दिलेलं गुलाबपाणी घालायचं. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, लाखाहून जास्त लोकांचे डोळे आले. तेव्हापासून तर ही सवय आणखीच पक्की झाली.

पण मैत्रिणींनो, प्रत्येक लाल डोळा साथीचा नसतो. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखं खुपतं. हे बुबुळाभोवतीच्या वरच्या पातळ पडद्याचं दुखणं. त्याखालचा जाड पांढरा थर म्हणजे श्वेतपटल. त्याला सूज आली की चिपडं नसतात, ठणका असतो. आतून कोरल्यासारखा! कपाळ, कानशील, जबड्यापर्यंत जाणारा, पहाटे झोपेतून उठवणारा. लालीही जांभळट दिसते. डॉक्टर याला स्क्लेरायटिस म्हणतात. दुर्लक्ष केलं तर नजरही जाऊ शकते.

हे होतं कशामुळे? जवळजवळ निम्म्या रुग्णांत मूळ आजार शरीरात दुसरीकडेच असतो. त्यात पहिला नंबर आमवाताचा. शिवाय ल्युपस, क्षयरोग, नागीण, कधी डोळ्याचं ऑपरेशनही निमित्त होतं. आमवात आणि स्क्लेरायटिस, दोन्ही पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

मला खटकतं ते इथेच. सकाळी बोटं आखडतात, तर म्हणे धुण्याभांड्यांमुळे. डोळा ठणकतो, तर म्हणे जागरणानं. बोटांचं मालीशवालीला सांगायचं, डोळ्याचं मेडिकलवाल्याला. दोन्ही दुखणी एकाच डॉक्टरला सांगायला कुणाला सवड असते? आपलं दुखणं असं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तर मूळ आजार सापडणार कसा?

नुसत्या ड्रॉपनं हा आजार सहसा बरा होत नाही, पोटातून औषधं लागतात. आणि मनानं घातलेला स्टिरॉइडचा ड्रॉप तर घातकच. त्यानं काचबिंदू होऊ शकतो, उसाचं पान लागून झालेली जखम चिघळू शकते.

तेव्हा डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सोसवत नसेल, अंधुक दिसत असेल, तर श्रीरामपूर गाठा, नाहीतर लोणीचं मेडिकल कॉलेज. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, "साहेब, माझे सांधेही दुखतात." घरच्या कामांना एक दिवस उशीर झाला तरी चालेल.