काळ्या घोड्याला जाता, तर आतही जा

दरवर्षी काळा घोडा महोत्सवाला जी गर्दी उसळते, ती मला मनापासून आवडते. पण त्या गर्दीतले पुष्कळजण रस्त्यावरच्या मांडणीपुढे फोटो काढतात, काहीतरी खातात आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावरून तसेच चर्चगेटकडे वळतात. विचारलं तर म्हणतात, "आपल्याला त्यातलं काय कळतं?" माझी विनंती आहे, हे वाक्य आता सोडून द्या. सामान्य माणसाला चित्र जवळून पाहता यावं म्हणून एका माणसाने सारी हयात खटपट केली. त्यांचं नाव केकू गांधी, आणि धंदा चित्रांना फ्रेमा करून देण्याचा.

केकू वांद्र्याचे पारशी. केंब्रिजला शिकत असताना १९३९ साली सुट्टीत घरी आले, महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. १९४१ मध्ये त्यांनी केमोल्ड फ्रेम्स सुरू केलं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात ते आरा, हेब्बर, हुसेन या चित्रकारांची कामं लावत. तेव्हा या मंडळींना विचारणारे फार थोडे होते. फ्रेम करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेस चित्र आपोआप पडायचं, ओळख तिथेच व्हायची. मला वाटतं, गॅलरी या गोष्टीचं याहून चांगलं रूप नाही.

१९५२ साली जहांगीर उभी राहिली. त्यासाठी धडपडणाऱ्यांत केकू होतेच. १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर त्यांनी आणि पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड काढली. चित्रकार भूपेन खख्खर यांची चित्रं तिथे लागली. आणि डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं सत्तरच्या दशकात मुंबईने पाहिली, तीही तिथेच. पाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढत ते चित्र कागदावर उतरलं आणि हुसेन, तय्यब मेहता यांच्या बरोबरीने भिंतीवर लागलं. महाराष्ट्राने या एका गोष्टीसाठीही केकूंची आठवण ठेवायला हवी.

समोरच्या कावसजी जहांगीर हॉलची कथा तर त्यांच्या चिकाटीचीच आहे. १९११ची ही इमारत. एकेकाळी तिथे मोठमोठ्या मैफली झाल्या. पुढे रया गेली, मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, चामड्याच्या वस्तूंचे बाजार, लग्नाचे स्वागतसमारंभ यांसाठी हॉल भाड्याने जाऊ लागला. इथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावं, असा आग्रह केकू आणि शिल्पकार पिलू पोचखानावाला यांनी धरला. मंजुरी मिळाल्यावरही नूतनीकरणाला बारा वर्षं लागली. १९९६ मध्ये दारं उघडली, ती पाहायला पिलूबाई नव्हत्या. आपल्या वस्तीतल्या वाचनालयासाठी, नाट्यगृहासाठी अर्ज करून दोन वर्षांत थकणाऱ्या सगळ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. अर्ज करत राहा, आणि एकट्याने करू नका.

मुंबईतल्या १९९२-९३च्या दंगलींनंतर हेच केकू वांद्र्यात मोहल्ला समितीच्या कामात उतरले. चित्रांची माणसं आणि गल्लीतली माणसं त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. २०१२ साली ते गेले.

आता तुम्ही काय करायचं? जहांगीरला प्रवेश फुकट आहे. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारा: हा रंग कुठला, हा पोत कशाने आणला, किती दिवस लागले. यासाठी काहीही "कळावं" लागत नाही, आणि दिवसभर गप्प बसलेल्या त्या माणसाला फार बरं वाटतं. एका चित्रापुढे पाच मिनिटं थांबा, बाकीची राहिली तरी चालतील. जाताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी मराठीत लिहा.

जमेल तेव्हा एखादं लहान चित्र विकत घ्या. गॅलरीबाहेरच्या पदपथावर चित्रकार बसतात, जे. जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची कामं लागतात. घरच्या समारंभात भेट द्यायला छापील देखाव्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. आणि घेतलंत तर फ्रेम नीट करून घ्या. जलरंगाचा कागद काचेला टेकवू नका, मध्ये माउंटचा पुठ्ठा हवाच, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे डाग पडतात. उन्हाची तिरीप येते त्या भिंतीवर चित्र लावू नका, ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच.

मुलांना न्यायचं असेल तर महोत्सवाची गर्दी टाळून पावसाळ्यातला एखादा शनिवार धरा. जहांगीर सकाळी अकराला उघडते. समोरचं आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.